गणिताचे दोन निकाल

२६ ऑगस्ट
अपात्र! कोच म्हणाले, “जेरी, बारीकसा घोळ झालाय.” माझं नाव जेरोतिच आहे. आणि बारीकसा म्हणे! या हंगामात पळायचं नाही. पळाले नाही तर शिष्यवृत्ती बंद, ती बंद झाली की अमेरिकेतलं हे आयोवाचं कॉलेज सोडून केनियाला घरी.

कारण काय, तर शाळेतलं गणित. शेवटच्या वर्षी नापास झाले. मग पुन्हा त्याच वर्गात बसले, धाकट्या पोरींच्या शेजारी, आणि बी ग्रेड मिळवून दाखवली. आमच्याकडे यात लाज कसली? अशा पोरीला चर्चमध्ये उभं करून टाळ्या वाजवतात. इथे मात्र शाळा ज्या वर्षी संपायला हवी होती, त्या वर्षापर्यंतचेच निकाल धरतात. म्हणजे नापास झाले ते खरं, नंतर शिकले ते खोटं.

२७ ऑगस्ट
पात्रतेचं काम बघणारी मिस प्रुइट म्हणाली, “नियम तो नियम, राणी.” मी म्हटलं, “आत्ता गणितं घाला, इथेच सोडवते.” ती हसली. आयुष्यात कधी कॉपी केली नाही मी. चोर सोडून संन्याशाला फाशी!

विचारलं, पहिला निकाल कळला कसा? शाळेने तर दुसऱ्या निकालाचाच दाखला पाठवला होता. “फाईलमध्ये होतं,” एवढंच.

२९ ऑगस्ट
फाईलमध्ये आपोआप येतं होय? इथे ही गोष्ट एकटीलाच ठाऊक. चेलागात. केनियातल्या माझ्याच शाळेतली, दोन वर्षं पुढे, आता इथेही माझ्यासोबत पळते. शर्यतीत संघाच्या सातच जणी उतरतात; मी गेले की सातवी जागा कुणाला? तिलाच.

३० ऑगस्ट
“तूच सांगितलंस ना?” चेलागातला विचारलं. ती वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उगाली, आमची मक्याच्या पिठाची घट्ट उकड, ढवळत होती.

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” म्हणाली.

“पायांत दम नाही म्हणून तोंड चालवलंस,” मी म्हटलं. सगळ्या मुलींसमोर. ती पुन्हा उगाली ढवळू लागली. बरं वाटलं मला.

३१ ऑगस्ट
माझ्या वाट्याची उगाली झाकून ठेवली होती तिने. केरात टाकली.

५ सप्टेंबर
पहिली शर्यत. मी कडेला उभी, सगळ्यांची जाकिटं हातावर घेऊन — खुंटीच जणू. चेलागातने तिचं माझ्याकडे दिलं नाही. गवतावर ठेवलं. नाटकी कुठली.

कोच म्हणाले, “अपील करू, जेरी.” करा. पण त्या चुगलीचा कागद मला बघायचाय.

९ सप्टेंबर
मिस प्रुइटने फाईल पुढे सरकवली. सगळ्यात वर माझा प्रवेशाचा निबंध. गावच्या पोस्टाबाहेर बाकावर बसून लिहिलेला, माझ्याच अक्षरात. ‘मी हार मानत नाही. गणितात नापास झाले, पुन्हा वर्गात बसले.’ त्याखाली ऑफिसातल्या कुणीतरी रेघ ओढलेली.

संध्याकाळी चेलागातच्या दाराशी गेले. आत ती उगाली ढवळत होती, ऐकू येत होतं. दार न वाजवताच परत आले.