एका जोडीनं पोळा भरत नाही

सर, तुमचा पट्टा अजून माझ्याकडे आहे. बाभुळगावच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी तुम्ही तो स्वतःच्या कमरेचा काढून माझ्या हातात दिला होता. मी बीएड करून घरी बसलेलो, नुसता काटकुळा. पट्टा कमरेला राहीना. मग काकूंनी चुलीत खिळा लाल केला आणि तुम्ही पाटावर बसून चामड्याला नवं भोक पाडलं. स्वयंपाकघरात भाकरीचा आणि जळक्या चामड्याचा वास एकत्र झाला. समोरच्या खोलीत तुमची दहावीची शिकवणी चालायची, म्हणून माझी तालीम आत. शाळेत तुम्ही आमचे हेडमास्तर, पण तिथं तुम्ही मुलाखत घेणारे साहेब व्हायचात आणि काकू संस्थेच्या अध्यक्ष. काकू विचारायच्या, पोरा, भाकरी किती खाशील? तुम्ही त्यांच्यावर डोळे वटारायचात, अध्यक्ष असं विचारत नसते म्हणून, आणि मी हसलो की माझ्यावरही. एवढी हौस होती तुम्हाला माझ्या नोकरीची. म्हणजे, मला तसं वाटायचं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. खरेदी केंद्रासमोर बैलबंड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत लागायची आणि बाबा आपल्या बंडीच्या सावलीत बसून नंबर यायची वाट पाहायचे. घरात एक पगारी माणूस पाहिजे, एवढं एकच बोलणं सगळ्यांच्या तोंडी. तशात कुठल्या तरी खाजगी शाळेत जागा निघायची आणि तुमचा निरोप यायचा, उद्या मुलाखत आहे, तयारीनं जाय. मी एसटीनं जायचो. बाभुळगावला झालं नाही तेव्हा तुम्ही म्हणालात, तुझा आवाज वाक्याच्या शेवटी खाली जातो. ढाणकीला झालं नाही तेव्हा म्हणालात, तू पाय हलवतो, आणि माझ्या गुडघ्यावर लाकडी पट्टी मारलीत. "असे पाय हलवणाऱ्याले कोणी कोतवाल बी नाही ठेवणार," हे तुमचे शब्द. घाटंजीकडच्या शाळेनं परत पाठवलं तेव्हा कारण निघालं की मी उत्तरं लांबवतो. मी एकेक दुरुस्त करत गेलो. वावरात तुरीच्या ओळींसमोर उभा राहून इतिहास शिकवायचो, प्रत्येक वाक्याचा शेवट मोठ्यानं म्हणत. शेजारच्या वावरातल्या बाया म्हणायच्या, पोट्ट्याले लागलं काही तरी.

ढाणकीची गोष्ट तर मी तुम्हाला किती कौतुकानं सांगितली होती. आम्ही चौघं व्हरांड्यात बसलो होतो. तिघांच्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि चौथा मात्र निवांत. गार पाण्याचा माठ कुठं आहे, पेले कुठं आहेत, सगळं त्याला ठाऊक. त्यानं उठून आम्हाला पाणी आणून दिलं, घरच्या लग्नात पाहुण्यांना देतात तसं. आत माझी मुलाखत चालू असताना अध्यक्ष पेपर वाचत होते. मान वर करून त्यांनी एवढंच विचारलं, सर बरे आहेत ना? मी हे सगळं जसंच्या तसं तुमच्यासमोर बोललो. तुम्ही म्हणालात, त्या पोरापासून शिक, असा मोकळेपणा पाहिजे. सर, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

त्याच मोसमात बाबांचा कापूस केंद्रावरून परत आला. ग्रेडरनं मूठभर कापूस दाबला, ओला आहे म्हणाला, बंडी वळवायला लावली. कापूस तर घरात पसरून चांगला वाळवलेला होता. आई त्यावरून कोणाला पाय टाकू देत नव्हती. बाबा घरी आले, बैल सोडले, आणि मी तोंड पाडून बसलेलो पाहून म्हणाले, "कापूस बी ओला नोयता, अन् तुह्यात बी खोट नाही बाप्पा. त्यायले घ्यायचंच नाही." मी त्यांच्यावर खेकसलो. तुम्हाला काय समजते मुलाखतीतलं, सर सांगतात माझं काय चुकते ते. बाबा बैलांना पाणी पाजायला उठले. त्यानंतर मी कुठून परत आलो तरी त्यांनी कधी विचारलं नाही, काय म्हणले म्हणून. माझ्या बापाच्या शब्दापेक्षा मी तुमचा शब्द मोठा धरला होता.

पुढं जिल्हा परिषदेची भरती निघाली. तिथं नुसता लेखी पेपर, मुलाखत नाही. पहिल्याच फटक्यात लागलो. पेढे घेऊन आधी तुमच्याकडे आलो आणि तुम्ही म्हणालात, पाहा, तालीम कामी आली. मी तुमच्या पाया पडलो. तुम्ही गेलात तेव्हा खांदा दिला. शिक्षक दिनाला दरवर्षी पोरांना पट्ट्याची गोष्ट सांगत आलो, खिळ्यासकट.

मागच्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत ढाणकीच्या त्या संस्थेचे जुने बाबू शेजारी बसले. आता रिटायर झालेत. कोण, कुठला, असं बोलता बोलता त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, तुम्ही त्या सरायचे पोट्टे ना, लय चांगले पोट्टे पाठवायचे सर. कोणाला घ्यायचं ते आधीच ठरलेलं असायचं, पण कागदावर मुलाखत झालेली दिसली पाहिजे, म्हणून बाकीचे उमेदवार बसवावे लागायचे. रिकामटेकडे आणून बसवले तर वरून आलेल्या साहेबाला शंका यायची. माझ्यासारखे तयारीचे असले की मुलाखत शोभून दिसायची. ढाणकीवाल्यांना लागले की तुमचे पोरं, तुमच्या संस्थेला लागले की त्यांचे. असं दोन्हीकडून चालायचं. तुमच्या मुलीच्या, आपल्या ताईच्या मुलाखतीला त्यांच्याकडूनच उमेदवार आले होते, हेही त्यांनीच सांगितलं. ताईला नोकरी लागली तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटत फिरलो होतो. माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी विचारलं, सरांना माहीत असायचं? ते हसले.

"माहीत काहून नसन? पोळ्यात मानाची जोडी ठरलेलीच राह्यते, गुरुजी. पण एका जोडीनं पोळा भरत नाही."

अहो, बैलाला तरी त्या दिवशी पुरणपोळी मिळते. मला तुम्ही काय दिलंत? कारणं. नुसतं रांग भरायला पाठवायचं होतं तर तसं सांगून पाठवायचं. तुमच्या शब्दाखातर मी तसाही गेलो असतो, निमूट बसून आलो असतो. पण माझ्या अंगात नसलेल्या खोटी तुम्ही एकेक करून मला दाखवल्या आणि त्या मी इतकी वर्षं पोसल्या. आजही खुर्चीवर बसलो की तळपाय जमिनीला दाबून धरतो. घरात कोणी काही विचारलं तर दोन शब्दांत उत्तर देतो. बायको म्हणते, तुमच्याशी बोलणं म्हणजे कोर्टात साक्ष काढल्यासारखं. तुमची बाजूही मी धरून पाहिली. वाटलं, पोरानं हिंमत सोडू नये म्हणून बोलले असतील. वाटलं, संस्थेपुढं त्यांचं तरी काय चालत असेल. पण नाही, सर, मन घेत नाही. गुडघ्यावर मारलेली ती पट्टी आठवते आणि डोकं फिरते. खोट्या चुकीसाठी तुम्ही खरी पट्टी मारलीत.

हे पाठवू कोणाला? काकू आहेत अजून. त्यांना वाचून दाखवता येईल, पण त्या स्वयंपाकघरात त्यांना किती ठाऊक होतं, ते मला जाणून घ्यायचं नाही. भाकरी किती खाशील हा एक प्रश्न तरी मला खरा राहू द्यायचा आहे. कागद पट्ट्याबरोबर कपाटात जाईल.

एक मात्र कबूल करतो. पायाचं खोटं होतं, लांब उत्तरांचं खोटं होतं, हे मी मनाशी पक्कं केलं आहे. आवाजाचं अजून ठरत नाही. काल वर्गात मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, गुरुजी, शेवटचं ऐकू नाही आलं. ते वाक्य मी मोठ्यानं पुन्हा म्हटलं, घरी येऊन एकट्यानं म्हणून पाहिलं, आणि समजेना. एवढं सगळं कळल्यावरही हे विचारायला मला तुमच्याशिवाय दुसरं कोणी आठवत नाही. सर, माझा आवाज खरंच खाली जात होता काय?