आईच्या कपाळावरची चांदणी

पेठ,
६ मार्च २००५

चि. अमित यास अनेक आशीर्वाद.

तुझी सीडी आणि फ्रेम काल बारकूकाकांच्या हाती मिळाली. घरातल्या जुन्या फोटोंची सीडी केलीस, बरं केलंस. पण फ्रेममधली ती बाई कोण रे बाबा? साडी माझ्या आईची, कान माझ्या आईचे, चेहरा मात्र पावडर फासल्यासारखा. कपाळावरची चांदणी गेली, हनुवटीवरचे तीन ठिपके गेले. अरे, गोंदण होतं ते! बुरशीचे डाग समजलास की काय?

तुझ्या आजीचा, चिमणाबाईचा, जगात तो एकच फोटो. विश्वासानं तुझ्याकडे दिला होता. तुझ्या लग्नाची गडबड मला ठाऊक आहे, तरी मूळ फोटो आधी मुकाट्यानं परत धाड.

रागावले आहे, पण जेवत जा वेळेवर.

तुझी आत्या,
ललिता

नाशिक,
१४ मार्च २००५

ती. ललिताआत्यास सा. न. वि. वि.

डाग नाही गं समजलो. स्कॅन छान आला होता. बाबांनीच शेजारी बसून गोंदण पुसायला लावलं. साखरपुड्याला मुलीकडची मंडळी घरी येणार, भिंतीवर आजी दिसली की 'तुम्ही डोंगरातले का' सुरू होईल, म्हणाले. मी नको नको म्हटलं, पण माऊस माझ्याच हातात होता. वर त्याच फाइलवर सेव्ह करून बसलो, म्हणजे पहिला स्कॅनही गेला.

मूळ फोटो काचेला चिकटलेला होता. स्कॅननंतर काच काढून ठेवावी म्हणून सोलायला गेलो तर चेहऱ्यावरच फाटला. फाटका फोटो घरात नको म्हणून बाबांनी तो गोदावरीत सोडला. मला नंतर कळलं.

वाट्टेल तेवढं बोल, पण लग्नाला ये. अजून तुझा लाडका आहे असं धरून चालतो.

तुझा,
अमित

पेठ,
२ एप्रिल २००५

चि. राजूस आशीर्वाद, आणि तेही आज कसेबसे.

तुझ्या अमितचं पत्र आलं. पोराला मी उगाच बोलले. लाज कशी वाटली नाही रे तुला? ज्या कपाळाला कपाळ लावून झोपायचास, ते कचेरीत साहेब झाल्यावर भिंतीवर नकोसं झालं? आपण डोंगरातलेच आहोत, नागलीच्या भाकरीवर वाढलो. कुणाची चोरी केली आहे का?

सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बाईबरोबर वर जातं, असं आई म्हणायची. तू तिचं तेही काढून घेतलंस.

परवा बाजारात गोंदणारी आली होती. तिच्यापुढे जाऊन बसले. लहानपणी आईची चांदणी बोटानं गिरवत मला झोप लागायची, त्यामुळे फोटोवाचून काही अडलं नाही. कपाळावर चांदणी, हनुवटीवर तीन ठिपके, जसेच्या तसे. या वयात फार दुखलं. रडलेही, पण सगळंच सुईमुळे नाही.

लग्नाला दोन दिवस आधीच येते. मांडवात विहीणबाईंच्या शेजारीच बसणार आहे. त्यांनी विचारलं तर आईचं नाव, गावाचं नाव, सगळं सांगेन. आता पूस काय पुसतोस ते.

जीव आहे तुझ्यावर, म्हणून एवढं लिहिलं.

तुझी ताई,
ललिता