आई दारापर्यंत चालली

परळी वैजनाथ, ९ एप्रिल

चि. राधाकिशन,
ताईचे आशीर्वाद. हे पत्र उभ्या उभ्या वाचून दूध सोसायटीत पळू नकोस, बसून वाच.

तीन महिन्यांनी आज आई काठी धरून दारापर्यंत चालली. डॉक्टरांनी पाठ आणि टाचा तपासल्या. इतके दिवस अंथरुणात काढूनही एक जखम नाही! टँकर आठवड्यातून एकदाच येतो, म्हणून ओल्या फडक्याने अंग पुसून खोबरेल लावते. तळवे मात्र कोरडे ठेवते, पाय घसरायला नको. आई चिडते, "माझी कातडी काय लोनचं हाय का, रोज तेलात बुडवायला?" पण डॉक्टरांना म्हणाली, "लेक लई कडक हाय, पर हात चांगला हाय तिचा."

तिकडे पाणी किती दिवसांनी येतं? ज्या पिंपाला अडखळून आई पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, ते मोरीच्या वाटेतून आजच हलव. मनाला लावून घेऊ नकोस. दुष्काळात सगळेच पिंपं भरून ठेवतात.

झोपेत ती अजून दचकून माझा हात धरते. सकाळी विचारलं तर कबूल करत नाही.

रविवारी तिला न्यायला ये. तिकडे आपल्या घराचा उंबरा ती स्वतः ओलांडणार आहे. तू मागे उभा राहा, पण हात लावू नकोस.

तुझी,
तारामतीताई