हिच्या परतीतली तांत्रिक अडचण

३ जानेवारी
आजपासून मशीन. डॉक्टर म्हणाले, झोपेत श्वास अडतो, म्हणून घोरता आणि दचकून उठता. सीपॅपचा मास्क नाकातोंडावर बांधायचा, मशीन रात्रभर हवा सोडतं. ही तिच्या बहिणीकडे जाऊन महिना झाला. कारण उघड आहे, माझं घोरणं. जानेवारी संपायच्या आत परत आणतो.

४ जानेवारी, सकाळ
मास्क पलंगाखाली सापडला. मशीनवाल्या मुलीला फोन करून पट्ट्यांतले दोष ऐकवले. आयुष्य क्वालिटी कंट्रोलमध्ये गेलंय, चूक दिसली की मी बोलतोच. ती म्हणाली, काका, पट्टा उलटा बांधलाय तुम्ही. उद्धट आहे.

९ जानेवारी, मध्यरात्र
कोणीतरी तोंडावर उशी दाबतंय असं वाटून उठलो. घामाघूम. हिला हाक मारली, पण मास्कमधून आवाज फुटेना. शेजारी चाचपलं तर चादर गार. घाबरलो वगैरे नव्हतो. फक्त घरातले सगळे दिवे लावले. (ही लावते तेव्हा मी बोलतो. तो वेगळा विषय.)

१६ जानेवारी
सवय व्हावी म्हणून हल्ली संध्याकाळीही मास्क लावून टीव्हीसमोर बसतो. बोलता येत नाही. शेजारी जिन्यात म्हणाला, संध्याकाळी तुमच्याकडे अगदी शांत असतं आता. म्हटलं, बघा, घोरण्याचाच सगळा त्रास होता. तो भराभर जिना उतरून गेला.

२१ जानेवारी
सलग झोप! रेकॉर्डिंग केलं होतं, साधं फुर्र नाही. हिला पाठवलं. खाली लिहिलं, दोष दूर झाला आहे, रविवारी न्यायला येतो. तिची उशी उन्हात टाकली. कपाटातला तिचा कप्पा लावला, तिला काही नीट लावता येत नाही.

२२ जानेवारी
हिचा फोन. रेकॉर्डिंग ऐकलं म्हणाली. मशीन सोडू नका म्हणाली. मी विचारलं, मग रविवारी येऊ ना? ती म्हणाली,
"अहो, घोरण्याचं मला कधीच काही वाटलं नाही. तुम्ही घोरायला लागलात की उलट बरं वाटायचं. आता सकाळपर्यंत काही बोलणार नाहीत, एवढं कळायचं."
ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी भांडलो असतो. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडलो.

रविवार
गेलो नाही. ती सांगते म्हणून रात्री मशीन लावलं. पहाटे दचकून उठलो. श्वास व्यवस्थित चालू होता. मशीनमध्ये काही दोष नाही.