नोंगफायच्या जंतांचा निबंध

नोंगफाय, ८ मार्च

चि. थविन यास,
थोरल्या बहिणीचे मनापासून आशीर्वाद.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र लिहिते. इथे सगळे ठीक. तुझ्या दाजींची मासळी वाळवायची मशीन पुन्हा बिघडली, त्यामुळे पडवीभर वास आहे.

आमच्या मुख्याध्यापकांनी काल वर्तमानपत्र आणून माझ्या टेबलावर ठेवलं. तुझा फोटो, टाय लावलेला. खाली लिहिलं होतं की देशातल्या सार्वजनिक आरोग्याच्या संशोधकांत सर्वाधिक उल्लेख तुझ्याच शोधनिबंधांचे होतात, आणि त्यातही आपल्या नोंगफायवरच्या निबंधाचे. जगभरचे लोक म्हणे त्याचा हवाला देतात. मी शिक्षकांच्या खोलीत मिरवून घेतलं. मग घरी येऊन बातमी नीट वाचली.

त्यात म्हटलंय, तुझ्या आरोग्य शिबिरानंतर आपल्या गावाने कच्ची मासळी सोडली आणि तिच्यातून यकृतात जाणारे जंत जवळजवळ संपले. दुसऱ्यांदा तपासणी करून हे सिद्ध झालं. थविन, ही दुसरी तपासणी कधी झाली रे? पहिल्या वेळी तू शौचाच्या नमुन्यासाठी डब्या वाटल्यास तेव्हा गाव महिनाभर हसत होतं. तसला प्रसंग मी विसरेन का? आणि कच्ची मासळी सोडली म्हणशील, तर परवाच तुझे दाजी लिंबू आणि लाल मुंग्या घालून वाडगाभर खाऊन बसले होते.

सांग, म्हणजे माझ्या मनातलं जळमट निघेल. रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
बुआलाय ताई

---

उदोन, १९ मार्च

ती. ताईस,
वाकून नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, नंतर वाईट वाटलं. शाळेत तू माझी पाटी तपासायचीस, ती सवय अजून गेली नाही. दुसऱ्या तपासणीला मी नव्हतो हे खरं. माझा सहाय्यक फाकिन चमू घेऊन गेला होता. नमुने आले, प्रयोगशाळेत तपासले गेले, ते मी स्वतः पाहिले. तू तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला गेली असशील.

दाजींच्या एका वाडग्यावरून शास्त्र ठरत नाही. आमचे विभागप्रमुख नरोंग म्हणतात, माणूस वर चढला की शंका घरातूनच निघते. पुढच्या महिन्यात माझ्या प्राध्यापकपदाचा निर्णय आहे. तोवर हे मुख्याध्यापकांशी बोलू नकोस, एवढं कर.

दाजींना नमस्कार. तुझी कृपादृष्टी, थोडी कमी तपासणारी, असू दे.

तुझा,
थविन

---

नोंगफाय, ३० मार्च

चि. थविन यास आशीर्वाद.

बाळंतपण निबंधात लिहिलेल्या दुसऱ्या तपासणीच्या आदल्या वर्षी झालं. मी इथेच होते.

घरोघर विचारून आले. दुसऱ्या वेळी डबी कोणालाच मिळाली नाही. सरपंच तर म्हणाले, आमच्याकडून घेतलं काय आणि लिहिलं काय, तुझ्या भावालाच ठाऊक. मला खाली मान घालून यावं लागलं. बोलू नकोस असं तू लिहिलंस, त्यानेच माझा संशय पक्का झाला. खरं असतं तर तू म्हणाला असतास, जा, साऱ्या गावाला विचार.

आणखी एक. जंतांमुळे यकृतात गाठ झाली का हे पाहायला पोटाची सोनोग्राफी करणारी गाडी आपल्याकडे दर वर्षी यायची, ती बंद झाली. मी जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या बाईंनी फार अदबीने सांगितलं की तुमच्या गावात आता गरज नाही, हे संशोधनानेच दाखवलंय. तुझाच निबंध त्यांनी माझ्यापुढे धरला.

यायखाम म्हातारीचा मुलगा गेल्या पावसाळ्यात पिवळा पडून गेला, हे तुला कळवलं होतं. दाजींच्या उजव्या कुशीत दुखतंय. ते मुंग्यांवर ढकलतात.

आकडे तू टेबलावर बसून लिहिलेस का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

बुआलाय

---

उदोन, २१ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार, आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच ही विनंती.

नाही, टेबलावर लिहिले नाहीत. पण तुझं खरं आहे.

फाकिनला घेऊन, तो तेव्हा गेला होता त्याच वाटेने गेलो. फोनच्या नकाशावर नोंगफाय टाकलं की त्याच नावाचं डोंगराकडचं गाव आधी दिसतं. ड्रायव्हर तिकडे गेला. फाकिन दक्षिणेकडचा, त्याने आपलं गाव कधी पाहिलं नव्हतं. तिथले लोक विहिरीचं पाणी पितात आणि कोंबड्या खातात. नदीच नाही, मासळी नाही, तर जंत कुठून असणार? नमुने खरे, आकडे खरे, गाव भलतंच.

ताई, आकडे आले तेव्हा इतका मोठा उतार पाहून मी क्षणभर थबकलो होतो. एक फोन तुला केला असता तर उलगडा झाला असता. पण आकडे फार सुंदर होते. मग उल्लेख सुरू झाले, परदेशातून बोलावणी आली, आणि जितके लोक हवाला देत गेले तितकं ते मलाही खरं वाटत गेलं. त्यातल्या एकानेही नोंगफाय पाहिलं नव्हतं. मीही परत पाहिलं नाही.

नरोंगना सांगितलं. ते म्हणाले, चूक सापडली आहे फक्त तुझ्या बहिणीला, आणि ती काही नियतकालिक चालवत नाही. मी निबंध मागे घेत असल्याचं संपादकांना कळवलं आहे. प्राध्यापकपदाचा अर्जही काढून घेतला. जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन गाडी मागितली, गाडी येईल. दाजींना तपासणीच्या रांगेत सगळ्यांत आधी उभं कर.

माया ठेव असं लिहायला हात धजत नाही.

थविन

---

नोंगफाय, १४ मे

चि. थविन यास,
ताईचे आशीर्वाद, पूर्वीइतकेच.

तुझ्या पत्रावर माझा लगेच विश्वास बसला नाही. मुख्याध्यापकांकडून संगणकावर ते नियतकालिक उघडून घेतलं. तुझ्या निबंधावर ‘मागे घेतला’ असं छापलेलं पाहिलं, तेव्हा कुठे मी जेवले. तू आकडे रचलेस असं मला वाटलं होतं. ते चुकलं माझं.

गाडी आली. विहाराच्या सभागृहात सगळ्यांना तपासलं. दाजींच्या यकृतात गाठ निघाली. लहान आहे, काढता येईल म्हणतात. ऑपरेशनला उदोनलाच आणते, तुझ्याकडे उतरू. ते घाबरलेत, पण दाखवत नाहीत. डॉक्टरीणबाईंना विचारत होते की शिजवलेली मासळी खायला चव कशी आणायची.

गाडी इतके दिवस का आली नाही, असं लोकांनी विचारलं. मी उभी राहून सगळं सांगितलं, दुसऱ्या नोंगफायचंही. काही जण हसले. सरपंचांचा अजून विश्वास नाही. म्हणतात, आता ही नवी गोष्ट कोणी रचली? यायखाम मागे भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, “मग माझा पोरगा कुठल्या नोंगफायमध्ये मेला?”

मी तिला वारा घ्यायला दिलेला पंखा तिने खाली ठेवला आणि ती घरी गेली.

ते उत्तर तुझ्याकडचं आहे, बाळा. लिहून पाठवू नकोस. ऑपरेशनच्या आधी ये, तिच्या पायरीवर बस, ती बोलेल ते ऐकून घे. मी बरोबर येईन, पण बोलणार नाही.

तुझी,
बुआलाय ताई