एका शब्दाची तार

॥ श्री ॥
ता. ४, सोमवार

चि. सौ. छोटीस मावशीचे अ. उ. आशीर्वाद. घाईत लिहिते आहे, तरी आशीर्वाद पुरे समजावेत.

चि. लिंबू सुखरूप आहे. माझं विचारू नकोस. जावईबापू जहाजावर आणि तुझ्या आईचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून तुझं चार महिन्यांचं मूल माझ्या पदरात पडलं. नाहीतर बावन्न वर्षांत मी मांजरसुद्धा सांभाळलेलं नाही, हे तुझी आई तुला शंभरदा ऐकवत असेलच.

तू दिलेला कागद भिंतीला लावलाय. नकाशे काढणाऱ्या मुलीने सूचना दिल्या की अशा होतात: मधे बाळ, चारी बाजूंनी बाण आणि कोपऱ्यात उत्तर दिशा! लंगोटाची आकृती मी सकाळभर उलटी धरली होती. तीन गाठी मारल्या, त्यातली एक माझ्याच पदराला बसली.

ढेकर काढल्याशिवाय आडवं करायचं नाही, असं तू बजावलंस. मी त्याला खांद्यावर घेऊन दारापासून मोरीपर्यंत फेऱ्या घालत होते. शेवटी एकदाचा ढेकर ऐकला, देवाचे आभार मानले आणि त्याला खाली ठेवलं. ढेकर तुझ्या काकांचा होता. लिंबूने सगळं दूध मला परत केलं.

टोल्यांनी तो दचकतो म्हणून काकांनी दुरुस्तीला आलेली चौदाच्या चौदा घड्याळं बंद केली आहेत. आता घड्याळजीच्या घरात दुधाची वेळ शेजारणीला विचारावी लागते.

अंगाई मला येत नाही. स्तोत्र म्हटलं तर तो टक्क बघत राहतो. पाढ्यांना मात्र झोपतो, तेही एकोणतिसाच्याच. एकोणतीस सक्कं मला अडतं आणि मी अडले की हा डोळे उघडतो.

तू अभ्यास कर. मायेत काटकसर करू नये, बाकी सगळ्यात मी करतेच आहे.

तुझी
मावशी

---

ता. ७, गुरुवार

ती. मावशीस सा. न. वि. वि., आणि काकांच्या ढेकरास वेगळा नमस्कार.

एकोणतीस सक्कं एकशे चौऱ्याहत्तर. पाठ कर, माझ्या मुलाची झोप त्यावर आहे.

इथे नकाशांच्या वर्गात आम्ही अठराजण दिवसभर टेबलांवर वाकलेलो असतो. नदीचं वळण काढायला जाते आणि लिंबूचा कान निघतो. चाचणी शनिवारी, सोळा तारखेला. त्या दिवशी जो गैरहजर, त्याची जागा गेली. पुन्हा संधी नाही. ही नोकरी मला किती हवी आहे, ते तुला ठाऊक आहे.

आईचं पत्र आलं. मावशीला जमणार नाही, तू आपली परत ये, म्हणते. मी अजून उत्तर दिलेलं नाही. जमतंय म्हणून कळवू ना?

राग नसावा, असला तर लिंबूवर काढू नये.

तुझी
छोटी

---

॥ श्री ॥
ता. १२, मंगळवार

चि. सौ. छोटीस अनेक आशीर्वाद.

लपवाछपवी मला जमत नाही, म्हणून सरळ लिहिते. लिंबूची मी वही घातली आहे. डाव्या बाजूला दूध जमा, उजव्या बाजूला खर्च. जमेची बाजू भरून वाहते आहे, पण शनिवारपासून खर्चाची बाजू कोरी. शिल्लक कुठे आहे ते पोटाला हात लावला की कळतं.

आज डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, पोट मऊ आहे, पितोय, खेळतोय, आणखी दोन दिवस वाट बघा आणि मुख्य म्हणजे आजीबाईंनी जरा शांत बसा. मी आजी नव्हे हे सांगायचं राहून गेलं. शांत बसणंही राहून गेलं. देवापुढे एक माळ शीसाठी जपली. असलं मागणं मागितल्याबद्दल माफीची दुसरी माळ जपावी म्हटलं, तर मणी लिंबूच्या तोंडात.

काका म्हणतात, कुणाला कळवू नकोस, पोर घाबरेल. पण तू आई आहेस.

रागावलीस तरी चालेल, विसंबू मात्र नकोस.

मावशी

---

ता. १३, बुधवार

ती. मावशीस नमस्कार.

कालचं पत्र आत्ता मिळालं. दोन ओळीच लिहिते. शी झाली की तत्काळ तार कर. शुक्रवारी दुपारच्या गाडीपर्यंत तार आली नाही, तर मी गाडीत बसेन. चाचणी गेली खड्ड्यात.

छोटी

---

॥ श्री ॥
ता. १४, गुरुवार

चि. सौ. छोटीस आशीर्वाद, या खेपेला मोकळ्या मनाने आणि मोकळ्या पोटाने.

तार तुला मिळेलच, पण हकिगत तारेत मावेना.

तुझं पत्र सकाळी आलं. माझ्यापायी पोरीची जागा जाणार! लिंबूला काकांच्या मांडीवर देऊन मी देवापुढे बसले. काका डोळ्याला भिंग लावून लिंबूचं पोट तपासत होते, जसं काही आत स्प्रिंग अडकली आहे. इतक्यात भिंतीवरच्या एका घड्याळाने ठणाठण बारा टोले दिले. चौदा बंद केली होती, हे पंधरावं आमचं स्वतःचं, कित्येक वर्षं बंद पडलेलं म्हणून मोजलंच नव्हतं! लिंबू दचकला आणि पाच दिवसांचा हिशेब एका दमात चुकता केला. काकांच्या मांडीवर, टेबलावर, आणि गिऱ्हाइकाच्या उघड्या घड्याळात. काका ओरडले की यंत्रात गेलं, आणि मी ओरडले की जाऊ दे, जाऊ दे! खर्चाच्या बाजूला पान पुरलं नाही.

तशीच तारऑफिसात धावले. मजकुरात एकच शब्द लिहिला: झाली. काय झाली ते परक्या गृहस्थासमोर लिहवेना, शिवाय कळायला एक शब्द पुरतो तर दुसरा कशाला? तारमास्तर हसून म्हणाले, मुलगी का? मी लाजेने हो हो म्हणून पळून आले. देव माफ करो.

गाडीत बसशील तर खबरदार.

मावशी

---

ता. १७, रविवार

ती. मावशीस शि. सा. न.

तार भर वर्गात आली. मला ती फोडवेना म्हणून आमच्या मास्तरांनीच ती फोडली आणि मोठ्याने वाचली. टाळ्या पडल्या! कुणाला झाली म्हणून विचारलं, तर आनंदाच्या भरात मी म्हणाले, मावशीची तार आहे. मावशींचं वय काय? बावन्न, मी म्हणाले. मग मागून कुणीतरी हळूच विचारलं की बाळंतीण बरी आहे ना. मी हसता हसता रडले ती थांबेचना.

चाचणी दिली. निकाल बुधवारी, तारेने कळवीन. एक फॉर्म भरायचा होता. नोकरीच्या वेळात मूल कोणाजवळ असेल, असा त्यात रकाना आहे. मी लिहिलं, आजीजवळ. आईला वाटेल, तिच्याविषयी आहे. तुला तेवढं ठाऊक असू दे.

छोटी

---

॥ श्री ॥
ता. २०, बुधवार

चि. सौ. छोटीस आशीर्वाद, यापुढे नोकरदारणीस.

तार पोचली. एकच शब्द: झाले. भाची कुणाची ते कळतं! काकांनी चौदाही घड्याळं एकदम चालू केली. लिंबू आता टोल्यांना हसतो. तू रविवारी ये, पण त्याला न्यायची घाई करू नकोस. एकोणतिसाचा पाढा आता कुठे न अडता येऊ लागलाय.

वाटेकडे डोळे आहेत. माया आहे तशी ठेव.

मावशी

ता. क. तार द्यायला तारमास्तर घरी जाता जाता स्वतःच आले होते. लिंबू माझ्या खांद्यावर, लंगोटाविना. त्यांनी विचारलं, हीच का ती मुलगी? मग नीट पाहिलं आणि गोंधळून म्हणाले, पण बाई, तारेत तर झाली असं होतं, मग काय झाली होती? मी या खेपेला लाजले नाही. सांगून टाकलं, आजी झाली.