मोठा पाईप

मंगळवार, संध्याकाळ

संदीपनं आज मोठा पाईप आणून दिला. म्हणाला, "अण्णा, त्या एवढ्याशा पाईपात काय मजा? हा घ्या, घरी निवांत ओढा. दुकानाचं मी बघतो."

लई प्रेमानं म्हणाला, म्हणूनच झोंबलं. औरंगपुऱ्यातल्या कापडाच्या दुकानात जन्मभर छोटाच ओढला. एक गिऱ्हाईक गेलं की पायरीवर येऊन पेटवायचा, दुसरं यायच्या आत संपला पाहिजे. मोठा पाईप बिनकामाच्या माणसानं ओढावा, असं मीच पोराला सांगायचो. विसरला असेल का? नाय. माझं पोरगं काही विसरत नाय.

मघाशी गॅलरीत बसून तो मोठा पाईप भरला, पेटवला. अंधार पडला, तरी संपता संपत नाय.